कंपाउंडरसाहेबांचा निर्धोक वस्तरा

सर्व लहानथोर, आप्तेष्ट, हितचिंतक आणि विशेषेकरून नांदुऱ्याच्या बाजारपेठेतील समस्त मंडळी यांना कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, लढाईच्या त्या सालात माझे वडील वारले नव्हते. वारण्याचा त्यांचा विचारही नव्हता. ते सुलतानपूरला आपल्या खळ्यात, ज्वारीच्या राशीपाशी उभे राहून गड्यांवर ओरडत होते, आणि नेमक्या त्याच वेळी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, नांदुऱ्यात, मी जिथे कारकून होतो त्या कापसाच्या जिनाचे मुनीमजी उपरण्याने डोळे टिपत मला म्हणत होते, "बाप गया तो छप्पर गया, बाबू. जाओ, घर जाओ."

हे निवेदन करायला मला फार उशीर झाला आहे. पण अजूनही नांदुरा स्टेशनात एखादा जुना माणूस भेटतो आणि माझ्याकडे बोट दाखवून सोबतच्याला सांगतो, "ऐन लग्नाच्या वक्ती बाप गेला बिचाऱ्याचा." वडील आता ऐंशीच्या घरात आहेत आणि अजूनही ओरडतात. तेव्हा एकदा काय ते छापून टाकलेले बरे.

या सगळ्याला जबाबदार असलेला माणूस माझा घरमालक होता. सरकारी दवाखान्यात जन्मभर पुड्या बांधून निवृत्त झालेले कंपाउंडर. सगळे गाव त्यांना कंपाउंडरसाहेब म्हणे, आणि ते स्वतःला मनातल्या मनात सिव्हिल सर्जन समजत. उंच, काटकुळे, आणि चेहऱ्यावर कायम टिंक्चर आयोडीनचे तपकिरी ठिपके. हे ठिपके रोज नव्या जागी असत. लांबून येताना पाहिले तर वाटे, सातपुड्यातून एखादा बिबट्या धोतर नेसून खाली उतरला आहे. ते ठिपके म्हणजे साहेबांच्या रोजच्या दाढीच्या जखमा होत्या. ती दाढी ते स्वतःच्या हाताने, विलायती सेफ्टी रेझरने करत.

मी एकदा धीर करून विचारले, "साहेब, सेफ्टी म्हणजे निर्धोक ना?"

"संपूर्ण निर्धोक."

"मग हे रक्त?"

"हा अपघात नाही. हा निचरा आहे," साहेब म्हणाले. "खराब असते तेवढेच जाते."

हा रेझर त्यांना एका गोऱ्या सिव्हिल सर्जनने मायदेशी परत जाताना दिला होता. वरचा मुलामा जाऊन आतले पितळ दिसत होते, पण मखमली अस्तराची डबी शाबूत होती. ती देवाच्या शेजारच्या कोनाड्यात असे. ब्रश आणि साबणाची वाटी त्याच्या शेजारच्यात. काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, दिवा लावताना रोज पुटपुटत, "देवाले एक कोनाडा, अन् याईच्या वस्तऱ्याले दोन."

जिनात कारकुनी मिळाल्यावर मी खोली शोधत साहेबांच्या दारात आलो. त्यांनी जात विचारली नाही, पगार विचारला नाही. माझ्या हनुवटीला बोट लावून मान वर केली, गळा पाहिला आणि म्हणाले, "दाढी कोठे करता?"

"न्हाव्याकडे. कोपऱ्यावरच्या लिंबाखाली."

"या घरात राहायचे असेल तर ते बंद. एक वस्तरा सगळ्या गावच्या गळ्यावरून फिरतो. त्या वस्तऱ्यामुळे लोकांना काय काय झालेले मी दवाखान्यात पाहिले आहे, ते तुम्हाला सांगतो."

आणि त्यांनी सांगितले. त्यानंतर दोन वर्षे ते सांगतच होते, आणि नेहमी जेवणाच्या आधी. मी अट कबूल केली. कारण खोली जिनाच्या जवळ होती आणि काकूंच्या हातचा झुणका आधीच माझ्या नाकापर्यंत पोचला होता. दाढी काय, हे शिकवतील तशी करू, असे वाटले. ती किती अवघड विद्या आहे याची मला कल्पना नव्हती.

पहिले कित्येक दिवस मला रेझर नुसता धरायला दिला. पात्याशिवाय. कोन शिकण्यासाठी. सकाळी अंगणात उभे राहून मी तो रिकामा दांडा गालावरून खाली ओढायचा आणि साहेबांनी समोर बसून म्हणायचे, "जोर नको. त्याच्या वजनाने येऊ द्या. आपण ढकलतो म्हणून कापते." वाक्य शहाणपणाचे आहे, ते आजही मला पटते. पण ते म्हणणाऱ्याच्या गालावर आदल्या दिवशीचे चार ठिपके असत.

नंतर पाते आले, पण चेहरा नाही. चेहऱ्याऐवजी दोडका आला. साहेबांचे म्हणणे असे की दोडक्याच्या शिरा म्हणजे माणसाच्या जबड्याची हाडे. दोडक्याला साबणाचा फेस लावायचा, शिरांवरून रेझर न्यायचा. शीर जावी, पण आतल्या गराला ओरखडा उठता कामा नये. मी तासन्‌तास दोडके भादरत बसे, आणि चुलीपाशी बसलेल्या काकू ओरडत, "झाली का वो दोडक्याची दाढी? फोडनी जळून राह्यली इथं!"

त्या घरात त्या मोसमात खाल्लेल्या दोडक्याच्या भाजीला मंद असा विलायती साबणाचा वास होता. तक्रार केली तर साहेब म्हणत, "पोट साफ राहते."

दवाखाना सुटला तरी त्यांच्या तोंडातून दवाखाना गेला नव्हता. प्रत्येक गोष्टीची मात्रा ठरलेली. पाहुणा जास्त बसला की म्हणत, "दिवसातून एकदा पुरे." दाढीची मात्रा म्हणजे रोज सकाळी एक, उपाशीपोटी. उपाशीपोटी म्हणजे चहासुद्धा नाही. भरल्या पोटी रक्त चेहऱ्याकडे धावते, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यामुळे धडा संपेपर्यंत मला चहा मिळत नसे, आणि धडा साहेबांच्या मनात येईल तेव्हा संपे. मी जिनात पोचेपर्यंत भुकेने कावलेला असे आणि कापसाचे वजन घेताना गाडीवाल्यांवर खेकसे.

पात्यांची निवड हा तर स्वतंत्र छळ होता. लढाईमुळे चांगली पाती बाजारातून नाहीशी झाली होती. बाजारपेठेत एका वयस्क मुसलमान व्यापाऱ्याचे दुकान होते. कंगवे, बांगड्या, साबण, अत्तर असे सगळे तिथे मिळे. सगळे त्यांना चाचा म्हणत. साहेब मला घेऊन तिथे जात, पाकिटातले एकेक पाते मेणकागदातून सोडवत, उजेडाकडे धरत, दोन बोटांत किंचित वाकवत आणि नखाने टिचकी मारून कानाशी नेत.

"हे नाही," साहेब म्हणत. "याचा आवाज बसला आहे."

चाचा शांत माणूस. पण चौथ्या पाकिटाला तेही म्हणाले, "कंपाउंडरसाब, ब्लेड है. गानेवाली नहीं है."

"चांगले पाते ओळखायचे कानाने. डोळा फसतो."

"दाढी तो गाल पे करनी है ना? कान पे थोडी करनी है? लडाई चल रही है, जो है वो लो, नहीं तो मेरे जैसी रखो." आणि चाचांनी आपल्या छातीवर रुळणाऱ्या शुभ्र दाढीवरून हात फिरवला.

साहेबांनी शेवटी काहीच घेतले नाही. घरी एक पाते होते, लढाईच्या आधीचे. त्याला ते 'पेशंट' म्हणत. पाते मरत नाही, फक्त थकते, असे त्यांचे मत होते, आणि थकलेल्याला विश्रांती आणि व्यायाम हवा. व्यायाम म्हणजे पहाटे काचेच्या पेल्यात ते पाते दोन बोटांनी दाबून आतल्या बाजूने पुढेमागे घासायचे. खर्र, खर्र, खर्र. माझी खोली भिंतीपलीकडे. कोंबडा आरवण्याआधी मला हे ऐकू येई. विश्रांती म्हणजे एका धारेने उजवा गाल, दुसऱ्या धारेने डावा. धारा ओळखू याव्यात म्हणून पात्याच्या एका कोपऱ्याला शाईचा ठिपका. आणि रोज वापरण्याआधी पाते उकळायचे. ते चहाच्या पातेल्यात उकळत, कारण ते पातेले मापाचे होते.

"चहात गंज येते वो," काकू म्हणत.

"लोह आहे. अशक्त माणसाने मुद्दाम घ्यावे."

साहेब जाऊन आता बरीच वर्षे झाली. गेल्यावर मी भेटायला गेलो तेव्हा काकूंनी ती मखमली डबी माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "न्या बापा हे. कोनाडा मोकळा होईन." मी आजही त्याच रेझरने दाढी करतो. फक्त आरशात पाहून करतो.

कारण आरसा साहेबांना वर्ज्य होता, आणि आता मी त्या प्रकरणाकडे येतो.

"आरशात जो दिसतो तो डावखुरा इसम असतो," ते म्हणत. "त्याच्या सांगण्यावरून हातातले पाते चालवायचे? डॉक्टर ऑपरेशन करतो तेव्हा रोग्याकडे पाहतो, आरशात नाही. डावा हात पुढे, बोटांनी चाचपायचे, उजव्याने काढायचे." त्यांच्या अंगणातला आरसा भिंतीकडे तोंड करून टांगलेला होता. नव्या माणसाला वाटे, घरात काहीतरी अशुभ घडले आहे.

त्या वेळी माझे लग्न ठरलेले होते. मुलगी सोनाळ्याची, चांगल्या शेतकऱ्याच्या घरची. साखरपुडा झाला होता, फाल्गुनातला मुहूर्त तोंडावर आला होता. आणि मला एक मिशी होती. होती म्हणजे काय होती! दाट, काळीभोर, टोकांना पीळ दिलेली. जिनातल्या हमालांमध्ये तिची चर्चा असे. मुलगी पाहायला गेलो तेव्हा मी त्या मिशीला तूप लावून गेलो होतो, आणि होकार तिच्याचमुळे आला याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

आमच्या भागात मिशीला वस्तरा लागतो तो बाप गेल्यावर. नदीकाठी, न्हाव्याच्या हाताने, डोक्याच्या केसांबरोबर. बाप जिवंत असताना शहाण्या माणसाच्या ओठावरची जागा मोकळी नसते. मोकळी दिसली की कोणी काही विचारत नाही. जवळ येऊन बसतात.

ज्या सकाळी दोडक्यावरून माझी बढती झाली, त्या सकाळी साहेबांनी मला अंगणात पाटावर बसवले आणि ब्रशने फेस फासायला सुरुवात केली. साबणाच्या बाबतीत ते उदार होते. डोळ्यांच्या खालपासून गळ्यापर्यंत सगळे पांढरे झाले. ब्रश ओठावर आला तसा मी म्हणालो, "साहेब, मिशी—" तोंड उघडल्याबरोबर ब्रश आत गेला.

"बोलायचे नाही. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंट बोलत नाही."

त्यांनी पातेल्यातून पाते काढले. वाफेने चष्मा धुरकटला, म्हणून तो कपाळावर चढवला, आणि पाते बसवून रेझर माझ्या हातात दिला. चष्म्याशिवाय त्यांना म्हैस आणि बैलगाडी सारखीच दिसे, हे मला माहीत होते. पण पेशंट बोलत नसतो.

"डावा गाल. वरून खाली. शाबास. आता हनुवटी. ताणून धरा. उत्तम." मी खरोखरच चांगली करत होतो. एक ओरखडा नव्हता. साहेब जवळ वाकले, डोळे बारीक केले. "नाकाखाली पांढरे राहिले आहे."

मी मान जोरात हलवली.

"मान हलवायची नाही," साहेब म्हणाले. त्यांनी माझे मनगट धरले आणि नाकाखालून ओठापर्यंत एक सुरेख, निर्धोक झटका दिला.

'पेशंट' पात्याची तब्येत त्या दिवशी फार चांगली असावी. काही जाणवले नाही. पाण्याच्या वाटीत मात्र फेसाबरोबर काहीतरी काळे पडले. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. वाटीत पाहिले. माझ्याकडे पाहिले. पुन्हा वाटीत पाहिले.

"पाते अप्रतिम आहे," ते म्हणाले.

काकू चहा घेऊन दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. "अवो, काय केलं हे? याईचा बाप जिता हाय ना!"

"त्याचा दाढीशी संबंध नाही," साहेब म्हणाले.

उरलेल्या अर्ध्या मिशीने बाहेर पडणे शक्य नव्हते. ती काढावी लागली. तीही साहेबांनीच काढली, आणि काढताना म्हणाले की, दोन्ही बाजू आता समान दिसतात.

मी टोपी डोक्यावर दाबून, मान खाली घालून निघालो. दुःखी माणूस अगदी असाच चालतो, हे माझ्या लक्षात आले नाही. कोपऱ्यावरच्या लिंबाखाली न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावत होता. मला पाहून त्याचा हात थांबला. तो उठला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"म्हातारबाबा गेले?"

"नाही हो, गेले नाहीत. ही दाढी करताना—"

"दुसऱ्याच्या हातानं काढली, म्हना ना," तो म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर पडला होता. "दाढी नोका करू माह्याकडून, मी काई बोललो? पन हे तं आमचं काम हाय, बाबू. याच्यात मले टाळलं तुमी."

मी टोपी काढून त्याला डोक्यावरचे केस दाखवले. हे पाहा, बाप गेला असता तर हे राहिले असते का?

पाटावरचे गिऱ्हाईक अर्ध्या साबणातून म्हणाले, "शिकेल पोट्टे हायत. डोक्श्यावरचे ठेवतेत आता."

जिनात तर मला बोलूच दिले नाही. मी जितके समजावले तितके लोक एकमेकांकडे पाहू लागले. हमालांपैकी एक हळूच म्हणाला, "बाप गेला हे त्याले मान्यच होऊन नाई राह्यलं." मुनीमजींनी डोळे टिपले आणि मला रजा दिली. आत कापूस घेऊन सोनाळ्याच्या गाड्या लागलेल्या होत्या. गाडीवाले बैल सोडून माझ्याभोवती बसले, तंबाखू न मळता बसले, आणि उठताना एकाने विचारले, "तेरवी कवा हाय जी?"

त्या गाड्या त्याच दिवशी रिकाम्या होऊन परत निघाल्या.

पुढचे दिवस मी लोकांना टाळत काढले. वडिलांना कळवायची हिंमत होत नव्हती; वाटे, मिशी काय, उगवेल. आणि एका संध्याकाळी घरी आलो तर साहेब ओसरीवर प्रसन्न मुद्रेने बसलेले.

"तुमचे सासरे येऊन गेले," ते म्हणाले. "सभ्य गृहस्थ आहेत. तुमचे वडील वारले हे खरे का, असे विचारत होते."

"मग तुम्ही सांगितले ना?"

"मी सांगितले, मी प्रेत पाहिलेले नाही."

मी ओसरीच्या कडेला बसलो.

"पाहिल्याशिवाय दाखला देता येत नाही," साहेब म्हणाले. "गेले असेही म्हणता येत नाही, आहेत असेही म्हणता येत नाही. तुमच्या वडिलांना मी कधी तपासलेले नाही. असे सगळे सविस्तर सांगितले. मग ते गृहस्थ रडले. मी पाणी दिले."

"साहेब, मिशी तुम्ही काढली होती!"

"मिशीविषयी त्यांनी विचारलेच नाही."

काकू त्या वेळी दळण घेऊन गेल्या होत्या. परत येताना त्यांना रस्त्यात सासरे भेटले होते, पण हे माझे सासरे हे त्यांना माहीत नव्हते. एक परका म्हातारा डोळे पुसत स्टेशनाकडे जाताना त्यांनी पाहिला, इतकेच. साहेबांना मात्र त्याचा शब्द न् शब्द पाठ होता, दवाखान्यातली सवय. रोगी काय म्हणाला ते जसेच्या तसे सांगायचे. त्यांनी ते मला सांगितले.

सासरे म्हणाले होते, "पोरीनं अजून माप नाई ओलांडलं, अन् सासरा खाल्ला म्हनून राह्यले लोक. पांढऱ्या पायाची म्हनतेत. पानी भराले जाते तं बाया बाजूले होतेत. लगन मोडाचं असन तं मोडा जी, आमी समजू. पन तिच्या पायगुनानं झालं असं तुमच्या घरून कोनी बोलू नोका, येवढं सांगाले आलो. नाई तं तिले कोनी करनार नाई."

इतके दिवस मला माझ्या मिशीचे वाईट वाटत होते. आता ते वाटेनासे झाले. ज्या मुलीला मी एकदाच पाहिले होते, ती माझ्या साबणाच्या फेसापायी विहिरीवर एकटी उभी होती.

सकाळच्या मोटारीने मी सुलतानपूरला गेलो. वडील खळ्यात होते. मला पाहून त्यांनी हातातले सूप खाली ठेवले.

"काऊन रे, कोन गेलं?"

"कोणी नाही."

त्यांनी माझ्या ओठाकडे पाहिले, मग स्वतःच्या हातापायांकडे. "मी इथं उभा हाओ ना?"

"हो."

"जिता?"

"हो."

"मंग कोन्या बापाची काढली बे?"

मी सगळे सांगितले. आरसा, चष्मा, दोडका. दोडक्यापाशी त्यांनी सूप पुन्हा उचलले, मला वाटते मारण्यासाठी. पण पुढे मी सोनाळ्याच्या मुलीचे सांगू लागलो, तसे ते ऐकत राहिले आणि सूप हातात तसेच राहिले.

"पोरीले बोलून राह्यले?"

"हो."

"अन् तू इतके दिवस काय करून राह्यला होता, दोडके सोलत?" ते म्हणाले. मग गड्याला हाक मारली, "माहा नवा पटका काढ. चाल रे. दाखवून येऊ मले."

नांदुऱ्यात आम्ही मुद्दाम बाजारपेठेतून चालत गेलो. वडिलांनी पटका बांधला होता, छाती काढली होती. लिंबाखालून न्हावी उठला, माझ्या वडिलांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "काका न तुमी? चेहरा सेम हाय. मोठा भाऊ गेला, दुःखच हाय. बसा."

"मीच तो हाओ!" वडील म्हणाले.

"असंच होते, काका," न्हावी म्हणाला. "भाऊ म्हंजे आपनच की."

वडिलांनी नांदुऱ्यात पुन्हा कोणाशी बोलायचे नाकारले. आणि घरापाशी आलो तर साहेब कोट घालून तयार. बगलेत मखमली डबी, हातात एक औषधाची बाटली.

"मी येतो," ते म्हणाले. "तज्ज्ञ साक्षीदार लागेल."

मी नको म्हणालो, काकू नको म्हणाल्या, वडील जे म्हणाले ते छापण्यासारखे नाही. साहेब आमच्या आधी गाडीत चढून बसले. सबंध रस्ताभर त्यांनी वडिलांना न्हाव्याच्या वस्तऱ्याने होणारे रोग क्रमाने सांगितले. मध्ये एकदा त्यांनी वडिलांची नाडीही पाहिली आणि समाधानाने म्हणाले, "आता मी दाखला देऊ शकतो."

सोनाळ्यात वेशीपासूनच लोक मागे लागले. साखरपुड्याला सगळ्यांनी वडिलांना पाहिलेले होते, त्यामुळे तिथे काकाचा घोटाळा होण्याची भीती नव्हती. मुलीच्या वडिलांनी दारात त्यांना पाहिले आणि मिठीच मारली. अंगणात खाट टाकली, तिच्यावर वडिलांना बसवले. बायका दारांतून, भिंतीवरून पाहू लागल्या. वडील मोठ्याने बोलले, मोठ्याने खोकले, दोन पेले पाणी प्याले. जितके जिवंत दिसता येईल तितके दिसले.

पण मुलीचे चुलते खाटेशेजारी उकिडवे बसले होते, आणि ते खाली पाहत होते.

"पायगुनाचं मिटलं," ते म्हणाले. "पन आता नवरदेवाले मांडवात कसं उभं करावं? बाप बाजूले बसेल अन् पोराच्या ओठावर काई नाई. इथल्याईनं पाह्यलं तुमाले. पंचवीस गावचे पाव्हने येतीन, त्याईले काय मालूम? अक्षता टाकता टाकता इचारतीन, कोन गेलं. मंग फिरून पोरीवरच येईन."

"मंग काय म्हनता?" वडिलांनी विचारले.

"मिशी येईपावतर थांबा. दिवाळीनंतर पाहू."

मुलीच्या वडिलांनी मान खाली घातली. दिवाळीनंतर म्हणजे उन्हाळा, पावसाळा, आणि तितके दिवस विहिरीवर तेच बोलणे. लांबलेले लग्न म्हणजे मोडलेले, हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होते. मला बोलायचे होते, पण ज्याच्या ओठावर काही नाही त्याच्याकडे पाहायलाही कोणी तयार नव्हते. मुलगी माझ्या वडिलांच्या पाया पडायला म्हणून आतून आली होती, ती खाटेजवळच उभी राहिली, खाली बघत, पदराचे टोक बोटाला गुंडाळत.

आणि मग साहेब उठले.

त्यांनी मखमली डबी उघडून चुलत्यांच्या पुढ्यात ठेवली आणि हे यंत्र किती निर्धोक आहे ते सांगायला सुरुवात केली. त्यांच्या हनुवटीवर त्या दिवशीचे तीन ताजे ठिपके होते. चुलते ठिपक्यांकडे पाहत होते. साहेबांनी बाटली वर धरली. आत हिरवट तेल होते. त्यात काय होते ते त्यांनी काकूंनाही सांगितले नव्हते.

"दिवाळीचे कारण नाही," साहेब म्हणाले. "हे माझे स्वतःचे मिश्रण आहे. सकाळ-संध्याकाळ, चोळून. मुहूर्ताच्या आत मिशी उभी करतो."

"पयल्यासारखी?" चुलत्यांनी विचारले.

"पहिल्यासारखी?" साहेबांना ते अपमानास्पद वाटले. "पहिलीच्या दुप्पट. लिहून देतो. दुप्पट दाट, दुप्पट लांब, आणि कान झाकेल अशी."

खाटेजवळून एक आवाज आला. मुलीचा हात तोंडावर गेला होता, पण शब्द त्याच्या आधीच बाहेर पडले होते, आणि सगळ्या अंगणाने ते ऐकले:

"दुप्पट नोका वाढवू जी! पयलीच पाहून मी रातभर रडली होती."